कारखाना गावचा, कर कोणाचा?

शहापूर आणि मुरबाड ही ठाणे जिल्ह्यातली दोन्ही तालुक्याची ठिकाणं 2015 मध्ये नगरपंचायती झाली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. पण शहापूर तालुक्याचा मोठा रोजगार आहे वाशिंद-आसनगावच्या पट्ट्यात, आणि तिथला कारभार ग्रामपंचायतींचा आहे. मुरबाडचे बरेचसे कारखाने एमआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाच्या, वसाहतीत आहेत, म्हणजे तिथे कारभारी आणखी वेगळा. त्यामुळे इथल्या उद्योगांचा आणि स्थानिक तिजोरीचा संबंध समजून घ्यायचा तर नगरपंचायतीपेक्षा ग्रामपंचायतीचं दप्तर उघडावं लागतं.

त्या दप्तरात दोन नमुने महत्त्वाचे. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंद आणि नमुना 9 म्हणजे मागणीची. मालकाचं नाव, मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य, घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे रकाने ओळीने जातात. पत्र्याच्या दोन खोल्यांची ओळ आणि कारखान्याच्या शेडची ओळ एकाच वहीत येते. भांडवली मूल्यावर आकारणी 31 डिसेंबर 2015 च्या नियमांपासून होते. त्याआधीची क्षेत्रफळावरची पद्धत मुंबई उच्च न्यायालयात टिकली नव्हती. औद्योगिक वापराला राहत्या घरापेक्षा जास्त भारांक आहे, म्हणजे कागदावर तरी कारखान्याने जास्त भरावं असंच कायद्याला वाटतं.

पण त्याच कायद्यात एक बाजूची वाट आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 125 प्रमाणे पंचायत कारखान्याशी करार करून सगळ्या किंवा काही करांऐवजी वर्षाला एक ठोक रक्कम घेऊ शकते. करार जमलाच नाही तर प्रकरण सरकारदरबारी जातं. तरतुदीचा हेतू वाईट नव्हता. छोट्या पंचायतीला यंत्रांच्या शेडचं मूल्य काढणं अवघड, आणि ठरलेली रक्कम वेळेवर आली तर अंदाजपत्रक बसतं. अडचण वेगळीच आहे. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे वकील आणि हिशेबनीस असतात. दुसऱ्या बाजूला सात ते सतरा सदस्य असतात, आणि त्यांच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा त्याच कारखान्यात कंत्राटी कामावर असतो. अशा वेळी पंचायत कारखान्याची बाजू घेते यात मला नवल वाटत नाही. गावाला रोजगार हवा असतो. रोजगाराची बाजू घेणं हे लोकप्रतिनिधीचं कामच आहे. फक्त ती बाजू किती रुपयांना पडली हे ग्रामसभेत वाचून दाखवलं पाहिजे.

वाशिंदचंच पाहा. जिंदाल समूहाने 1982 मध्ये इथे पोलादाचा कारखाना उभारला. आज तो जेएसडब्ल्यूचा आहे आणि तिथे पत्र्यावर लेप चढवण्याचं काम होतं. देशातल्या एका बलाढ्य उद्योगसमूहाचा पाया ज्या गावात रोवला गेला, ते गाव अजून ग्रामपंचायतच आहे. कंपनी कायदा 2013 मुळे ठरावीक नफा, उलाढाल किंवा निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. अशा पैशातून शाळेला बाकं मिळतात, रुग्णवाहिका मिळते. ही मदत चांगलीच, पण ती कुठे द्यायची हे कंपनी ठरवते. कराचा पैसा कुठे खर्चायचा हे गाव ठरवतं. बाकं मिळाली म्हणून घरपट्टीचा तगादा मऊ पडणं मला अजिबात मान्य नाही.

एमआयडीसीतली तऱ्हा आणखी निराळी. रस्ता, पाणी महामंडळ देतं, मग पंचायतीला कर का, हा उद्योजकांचा जुना सवाल. पंचायतीचं उत्तर असं की कामगार राहतात आमच्या गावात, कचरा आणि सांडपाणी येतं आमच्या ओढ्यात. 2019 मध्ये सरकारने तोडगा काढला: वसुली महामंडळाने करायची आणि निम्मी रक्कम ग्रामपंचायतीला द्यायची. वसुलीची कटकट गेली, पण त्याबरोबर कारखानदाराला समोर बसवून बोलायची संधीही गेली.

उद्योगाला हुसकावणं हाही शहाणपणा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा सोडायला लावली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ जमीन दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने काय गमावलं हे वेगळं सांगायला नको. उलट टोक पाहायचं तर कसारा रेल्वेमार्गावरच वाशिंदहून मुंबईकडे जाताना खडवली, टिटवाळ्यानंतर आंबिवली येतं. तिथली मोहोन्याची एनआरसी कंपनी 2009 मध्ये बंद पडली. एकीकडे कामगारांची देणी, दुसरीकडे महापालिकेची कोट्यवधींची करथकबाकी, आणि दोघांची नजर एकाच जमिनीवर. करवसुली वर्षानुवर्षं तुंबू दिली की शेवटी हीच पाळी येते.

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत, आणि आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट पंचायतीच्या खात्यात येतो. वित्त आयोगाचा पैसाही येतो, पण त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. अबंध निधी सोडला तर मोकळेपणाने खर्चायला उरतो तो मुख्यतः स्वतःचा कर. म्हणून कारखान्याच्या एका ओळीचं मोल मोठं.

आता समृद्धी महामार्ग शहापुरातून जातो. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. अशा रस्त्यालगत गोदामं येणार, कारखाने येणार, आणि अनेकांना पंचायतीचा ना हरकत दाखला लागणार. त्या दाखल्यावर सही होण्याआधी नमुना 8 मध्ये त्यांची आकारणी काय बसणार आणि कलम 125 चा करार होणार असेल तर किती रकमेचा, हे दोन आकडे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत फलकावर लागले पाहिजेत, आणि कारखान्यात कामाला असलेल्या सदस्याने त्या विषयावर मत देऊ नये, असा ठराव प्रत्येक गावाने आत्ताच करून ठेवावा.