करवतीचे दाते

जपानी पद्धतीने टाके घालून, गाठी आवळून रंगवलेल्या टसर साड्या आता पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत सहज दिसतात. शिबोरी हा शब्द विक्रेत्याच्या तोंडी रुळला आहे, साशिको, म्हणजे तिकडचं टाक्यांचं भरतकाम, हाही हळूहळू रुळतो आहे. रंगवणाऱ्याचं कौतुक होतं आणि ते व्हावंच. कापडाची ओळख मात्र ‘प्युअर टसर’ एवढ्यावरच आटोपते. ते कुठल्या झाडावर वाढलं, कोणत्या मागावर विणलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर एक उत्तर भंडारा जिल्ह्यात मिळतं.

भंडाऱ्याकडे टसरला कोसा म्हणतात. हा जिल्हा तलावांचा, धानाचा, पितळी भांड्यांचा. त्या ओळखींच्या गर्दीत कोसा मागे पडतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या जंगलात ऐन आणि अर्जुन ही झाडं आहेत आणि कोशाची अळी त्यांच्याच पानांवर जगते. तुतीच्या रेशमाची अळी घरात, ट्रेमध्ये, कापलेला पाला खाते. कोशाची अळी उघड्यावर, झाडावरच वाढते, आणि तिची राखण करावी लागते. पूर्व विदर्भात हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाने केलं. मासेमारी हा त्यांचा मूळ धंदा, त्याला पावसाळ्यापासून ही जोड. अंडी फुटली की अळ्या झाडावर सोडायच्या, मग महिना-सव्वा महिना पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्याशी झुंजायचं. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळ्या कापून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. चार वेळा कात टाकून हिरवीगार, बोटाएवढी झालेली अळी शेवटी स्वतःभोवती कोश विणते आणि तो देठाने फांदीला पक्का बांधून ठेवते. कोश कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, कठीण, पिवळसर-तपकिरी. हा रंग धाग्यातच मुरलेला असतो. वर कोणताही रंग चढवा, खालून तो डोकावतोच. रंगाऱ्याला कोसा सोपा जात नाही तो त्यामुळे.

जपानमध्ये या अळीची सख्खी चुलत बहीण आहे. नागानो प्रांतातल्या अझुमिनो भागात ओकच्या झाडांवर जाळ्या टाकून ‘तेनसान’ नावाचं रानरेशीम पिकवतात. त्याचा कोश हिरवट. दोन्ही पतंग अँथेरिया याच वंशातले. म्हणजे आपण जपानी रंगकाम भारतीय टसरवर करतो तेव्हा वाटतं तितके परक्या मुलखात नसतो.

कोश सोड्याच्या पाण्यात उकळले की डिंक सुटतो. मग चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून, मांडीवर घासून पीळ देत बाया धागा काढतात. देशभर टसरचा धागा असाच निघत आला. मांडीची कातडी सोलपटते, मजुरी तुटपुंजी. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने ‘बुनियाद’ नावाचं यंत्र पुढे आणलं आणि मार्च 2020 पर्यंतची मुदत जाहीर केली. मुदती सरकारी असतात, मांड्या बायकांच्या. हातकामाचं गुणगान करताना हा भाग गाळायची आपल्याला सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिला.

धागा मागावर येतो तो मोहाडी तालुक्यात. मोहाडी आणि आंधळगाव ही कोष्ट्यांची गावं. इथला जुना मान सोवळ्याच्या मुकट्याला आणि त्याहून जास्त करवती किनारीच्या लुगड्याला. अंग कोशाचं, नैसर्गिक रंगाचं. काठ गडद रंगाच्या सुताचे. आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे सरळ रेघ नसते. करवतीचे दाते असतात, काठाचा रंग अंगात शिरलेला, अंगाचा काठात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही नक्षी वाटते. खरं म्हणजे तो सांधा आहे. साध्या साडीत एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, त्यामुळे काठावर अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, मिसळून रंग मळकट होतो. करवतीत धोटे तीन: मधल्या अंगाला एक, दोन काठांना एकेक. अंगाचा बाणा काठापाशी येतो, काठाच्या बाण्यात अडकतो आणि परत फिरतो. हा अडकण्याचा आकडा नेहमी ताण्याच्या एकाच उभ्या तारेवर पडला तर सगळा ताण त्या एका रेषेत येईल आणि साडी तिथेच विरेल. म्हणून विणकर दर फेरीला आकडा थोडा पुढे सरकवतो, मग थोडा मागे. पुढे, मागे, पुढे, मागे, आणि दाते पडत जातात. कोसा आणि सूत यांचा ताण वेगळा, धुतल्यावर आकसणं वेगळं. दोन न जुळणाऱ्या धाग्यांना आयुष्यभर एकत्र नांदवायचं काम हे दाते करतात. सुती काठही उगाच नाही. लुगड्याचा काठच आधी झिजतो, आणि भारी काठामुळे हलका कोसा अंगावर नीट बसतो. अशा विणीला बहुधा दोन माणसं लागतात, एक मागावर आणि एक बाजूचा धोटा सांभाळायला. दुसरं माणूस बहुतेक घरातलंच, आणि हिशेबात त्याची मजुरी बहुतेक धरलीच जात नाही.

साशिकोचा जन्मही असाच गरजेतून झाला. उत्तर जपानच्या त्सुगारू भागात थंडी कडाक्याची आणि शेतकऱ्यांना सुती कपडे वापरायला मनाई. अंगावर निळीत रंगवलेलं अंबाडीसारखं विरळ कापड. त्या कापडाची भोकं बुजवून ऊब यावी म्हणून बायकांनी पांढऱ्या सुती दोऱ्याने टाके भरले, तारा मोजून: एक, तीन, पाच, सात. त्यातून तिरक्या चौकटींची जी नक्षी उभी राहिली तिला, साशिकोच्या त्या प्रकाराला, कोगिन म्हणतात. आधी डागडुजी, मग देखणेपण. 1891 मध्ये रेल्वे आओमोरीला पोचली, स्वस्त सूत आलं आणि कोगिन मागे पडलं. पुढे लोककलेच्या चळवळीने 1930 च्या दशकात ते पुन्हा उचलून धरलं.

आपल्याकडे गाडी आधी आली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला, 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे सुती विणकर हटत गेला. कोसा मात्र तिच्या तावडीत पूर्ण सापडला नाही, कारण धागा ओबडधोबड, जाड-बारीक, मध्येच तुटणारा. पुढच्या काळात पॉवरलूमवरच्या नकला आल्या, छापलेले दातेही आले. त्या रोखायला 1985 चा हातमाग आरक्षण कायदा आहे. करवतीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. राज्याच्या 2023 ते 2028 च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी आणि खण यांच्या पंगतीत करवती टसर किनारीचं पान मांडलेलं आहे. पैठणीला मात्र लग्नाचा बाजार आहे. करवतीला तो नाही, आणि मला वाटतं तिने तो मागूही नये. जर आणि मोर नसलेल्या साडीने शालूशी स्पर्धा करणं म्हणजे स्वतःचा गुण विसरणं.

तिचं गिऱ्हाईक दुसरं आहे. जे हाताने रंगवलेली निळी शिबोरी कौतुकाने घेतात, साशिकोचा प्रत्येक टाका निरखतात, त्यांनी एकदा करवतीचा काठ उलटून पाहावा. दाते मागूनही तसेच असतात, फक्त तिथे अडकवलेले आकडे हाताला लागतात. छापील नकलेची मागची बाजू फिकी पडलेली दिसते.

आणि शिबोरी करायचीच असेल तर भंडाऱ्याच्या साडीवर ती जरूर व्हावी, पण काठ सोडून. रसायन इथे रंगाऱ्याच्या बाजूने आहे. रेशमावर चढणारे आम्लरंग सुतावर नीट धरत नाहीत. काठाचं सूत आधीच पक्क्या रंगात रंगवलेलं असेल, तर कोशाचं अंग टाके घालून, आवळून, रंगात बुडवता येईल आणि काठ जवळपास जसाच्या तसा राहील.  नमुना करून पाहायला एक साडीही लागत नाही. दोन्ही काठ असलेला हातभर तुकडा आणि चुलीवरचं एक पातेलं पुरे.