समुद्राचे राखणदार

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत समुद्रावरचा लेख पाहून कोणी विचारील की, माधवनगरच्या माणसास समुद्राशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. परंतु आपली क्षिप्रा चंबळेस, चंबळ यमुनेस आणि यमुना गंगेस मिळून तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास पोचते, हे आम्ही शिक्षक नकाशावर मुलांना नेहमी दाखवीत असतो. शिवाय, लोकांना मदत करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर सापडते. तेच येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

मालवणसमोर कुरटे नावाचे बेट आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्यावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या परिसरातील पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ वाढते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे; चिमुकल्या जीवांनी चुन्याची घरे बांधून वसविलेले ते गावच होय. त्याच्या कपारीत माशांची पिले आसरा घेतात. त्यावर होडीचा नांगर किंवा पोहणाऱ्याचा पाय पडला की ते मोडते, आणि पुन्हा वाढावयास त्यास वर्षानुवर्षे लागतात. म्हणून १९८७ साली शासनाने येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले.

हेतू उत्तम होता. परंतु आपल्या पोटावर पाय येणार अशी भीती मच्छीमारांस वाटली व त्यांनी विरोध केला. येथेच खरी अडचण आहे. समुद्रास कुंपण घालता येत नाही. पहाटे होडी लोटणारा माणूसच त्याचा पहारेकरी होऊ शकतो. तोच दुरावला तर नियम कागदावरच राहतो.

२०११ नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर निराळ्या रीतीने काम झाले. आधी जाळ्यांचेच पाहू. नेहमीच्या जाळ्याची चौकट शंकरपाळ्यासारखी असते. ओढताना ताण बसला की ती मिटते व लहान पिलेही अडकून मरतात. चौकोनी चौकटीची पिशवी शेवटी लावली तर ती ओढतानाही उघडी राहते, आणि पिले निसटून पुढच्या हंगामासाठी वाढतात. असे जाळे मच्छीमारांच्या होड्यांवरच वापरून दाखविण्यात आले. स्थानिक तरुणांना पर्यटकांस पाण्याखालचे जग दाखविण्याचे शिक्षण मिळाले. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या स्त्रियांनी कांदळवनातून होडीची सफर सुरू केली. ज्या झाडांकडे पूर्वी सरपण म्हणून पाहिले जाई, तीच उभी राहिली तर घरी चार पैसे येतात, असा अनुभव आला.

२०१८ साली महाराष्ट्र शासनाने आणखी एक योजना आणली. कासव, देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडले, तर पुराव्यादाखल छायाचित्र पाहून कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळे ही गरिबाची पुंजी असते. ती कापावयास सांगणाऱ्याने तिचा खर्चही वाटून घ्यावा, हा न्याय यात आहे.

मालवणच्या उत्तरेस, रत्नागिरी जिल्ह्याच्या टोकाशी नाना फडणविसांचे वेळास गाव आहे. तेथील वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी खाण्यासाठी नेली जात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांस हाताशी धरले. घरटे कसे ओळखावे, अंडी कुंपणात कशी हलवावी, सुमारे पन्नास दिवसांनी निघालेली पिले समुद्राकडे कशी सोडावी, हे सारे गावातील माणसे शिकली. २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले, जेवू लागले. बाहेरची संस्था निमित्तमात्र झाली आणि राखणदारी गावाची झाली.

सारे प्रश्न सुटले असे मात्र नव्हे. मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील भांडण मिटलेले नाही. या किनाऱ्यावर गाबीत, कोळी, दालदी, ख्रिस्ती असे अनेक समाज राहतात. मासळी संपली तर ती सर्वांच्याच ताटातून संपेल.

आपल्यासारख्या संस्थांनी यातून काय घ्यावे? माहिती द्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. हातास कसब द्यावे, त्या कसबास मिळकतीची जोड द्यावी, आणि निर्णयात त्या माणसास बरोबरीने बसवावे. एखाद्या भगिनीस शिवणयंत्र दिले तर ते दुरुस्त करावयास व हिशेब ठेवावयासही शिकवावे. दिलेली वस्तू झिजते. शिकलेली माणसे मात्र पुढच्या पिढीस शिकवितात. उपकार करणाऱ्याची गरज उरू नये, यातच उपकाराचे यश आहे.