अल्टरनेटर पेट्रोल किती खातो?

गाडीतली वीज फुकटची, असा समज आपल्या धंद्यात अजूनही आढळतो. उलट टोकाचा समजही आहे: मोठा अल्टरनेटर बसवला की ॲव्हरेज पडते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट विकणाऱ्या, मोहल्ल्यात ऑटो-इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांना यावरून गिऱ्हाईकाशी हुज्जत घालावी लागते. म्हणून हा हिशेब.

अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो. त्याची ताकद इंजिनातूनच येते. दिवे, ब्लोअर, वायपर मिळून १४ व्होल्टवर २५ अँपियर लागले तर ३५० वॅट झाले. पण साधा अल्टरनेटर मिळालेल्या ताकदीपैकी साधारण ५५ ते ६० टक्क्यांचीच वीज करतो. बाकी उष्णतेत आणि घर्षणात जाते. म्हणजे इंजिनावर सुमारे ६०० वॅट, पाऊण हॉर्सपॉवरहून थोडा अधिक भार. मारुती ८०० च्या ३७ हॉर्सपॉवरपुढे हे किरकोळ वाटेल. मात्र गर्दीत रांगताना इंजिन पूर्ण ताकदीवर नसते. तेव्हा हाच वाटा जाणवतो. आयडलिंगला हेडलाइट लावताच इंजिनाचा आवाज बसतो, तो यामुळेच.

आता मोठ्या अल्टरनेटरची गोष्ट. आतला रेग्युलेटर मागणी पाहून रोटरचा करंट कमी-जास्त करतो. ९० अँपियरच्या अल्टरनेटरकडे २५ मागितले तर तो २५च देतो. पेट्रोल जळते ते जोडलेल्या भारामुळे, पाटीवरच्या आकड्यामुळे नव्हे. १०० वॅटचे बल्ब आणि भलामोठा ॲम्प्लिफायर लावून घेणाऱ्या गिऱ्हाईकाला हे आधीच सांगावे. नंतर तक्रार येते ती कारागिराच्याच दारी.

ॲव्हरेज वाढवून देतो म्हणून पट्टा काढून ठेवणारेही आहेत. आमच्या मते ही गिऱ्हाईकाची फसवणूकच. अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. पट्टा गेला की इंजिन तापते आणि वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च हेडवर होतो.

खरी बचत तपासणीत आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटरने १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. बॅटरी थकलेली असेल तर ती सारखी करंट ओढत राहते आणि अल्टरनेटरला उसंत मिळत नाही. डायोड फुटला असेल तर बंद गाडीतही बॅटरी रात्रीतून उतरते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचा व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो; तिथे मीटरचा आकडा वर-खाली होणे हा दोष नव्हे, आणि अशा गाडीला जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर जोडून देऊ नये.