प्रवेशानंतरची समता

१९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात आरक्षणाने प्रवेश मिळाला, तरी वंचित घरातील विद्यार्थी शिक्षण पूर्ण करतो की नाही, हे बरेचसे विद्यार्थी सेवांवर, म्हणजे वसतिगृह, शिष्यवृत्ती, समुपदेशन आणि तक्रारनिवारणावर अवलंबून असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी म्हणूनच समान संधी कक्ष, म्हणजे अशा विद्यार्थ्यांना आधार देणारी यंत्रणा, स्थापण्यास आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना राज्याची स्वाधार योजना (अनुसूचित जातींसाठी) आणि स्वयं योजना (आदिवासींसाठी) निवास-भोजनाची रक्कम थेट बँक खात्यात देतात. मात्र हप्ता लांबला, तर गडचिरोलीहून नागपूरला आलेल्या मुलीने तोवर खोलीभाडे कशातून भरावे, याचे उत्तर विद्यापीठाच्या तातडीच्या साहाय्यनिधीतूनच मिळायला हवे.