तेरवीनंतरचा चौदावा दिवस

मनुष्य वारला म्हणजे त्याच्या घरी तेरा दिवस कोणी ना कोणी येत असते. भाऊबंद ओसरीवर बसून राहतात, सोयरे गावोगावहून येतात, शेजारच्या बाया पाणी भरून देतात, आणि चूल पेटलेली नसते म्हणून कोणी आपल्या घरचे अन्न आणून कडू घास भरवितो. तेराव्या दिवशी दारापुढे मांडव घातला जातो, पंगतीवर पंगती उठतात. आणि चौदाव्या दिवशी सकाळी त्या घरात एक विधवा, दोन-तीन लेकरे, वाण्याची उधारी आणि हार घातलेली तसबीर एवढेच शिल्लक राहते. आमचे आजचे चार शब्द या चौदाव्या दिवसाविषयी आहेत. मरणाचा खरा भार पडावयास लागतो तो या दिवसापासून, आणि नेमका याच दिवसापासून समाज त्या घरास विसरतो, अशी आमची तक्रार आहे.

भातकुली तालुक्याचेच उदाहरण घेऊ. पूर्णेच्या खोऱ्यातील हा मुलूख खारपाणपट्ट्यात मोडतो. जमीन काळी व कसदार, परंतु तिच्या पोटातील पाणी खारे. त्यामुळे विहीर खोदून ओलीत करावे म्हटले तरी ते बहुधा साधत नाही, आणि कपाशी, तूर, सोयाबीन ही पिके आभाळाच्या भरवशावर राहतात. अशा गावी शेतकऱ्याच्या हाती रोकड येते ती दसऱ्यापासून संक्रांतीच्या सुमारास. मृत्यू मात्र हंगाम पाहून येत नाही. ज्येष्ठ-आषाढात सर्व पैसा बी-खतात गेला असता घरचा कर्ता पुरुष गेला, तर तेरवीचा गहू, साखर, तेल आणि द्यावयाची धोतर-लुगडी ही सारी उधारीवर येतात. जे कर्ज मृताने कधी काढले नव्हते ते त्याच्या नावाने त्याच्या लेकरांच्या माथी बसते. पेरणीसाठी काढलेले कर्ज पिकातून फिटण्याची आशा तरी असते; पंगतीसाठी काढलेल्या कर्जातून काही उगवत नाही.

यावर कोणी विचारील की, मग मृतास बेवारशासारखे पोचवावे काय? मुळीच नाही. तिरडीस खांदा देणे, राख सावडावयास जाणे, दुःखी माणसाजवळ नुसते बसून राहणे, या आमच्या लोकांच्या अत्यंत उदात्त चाली आहेत व त्या कोणी सोडू नयेत. आमचा आक्षेप आहे तो एवढाच की, या चालींतील सोबतीचा भाग दिवसेंदिवस आखडत चालला आहे आणि जेवणावळीचा भाग फुगत चालला आहे. कडू घासात अन्न शेजाऱ्याच्या घरून दुःखिताच्या घरी जाते. तेरवीत ते दुःखिताच्या घरून शेजाऱ्याच्या पोटात जाते. पहिले धर्म होय. दुसऱ्यास काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे. आपल्या शेजारधर्मांकडे पाहिले तरी हेच दिसेल. भातकुली हे जैनांचे प्रसिद्ध क्षेत्र आहे, आणि जैन मतात पिंडदानास स्थान नाही. इस्लामात तर ज्या घरी मृत्यू झाला त्या घरास शेजाऱ्यांनी अन्न शिजवून पाठवावे, अशी प्रत्यक्ष पैगंबरांची शिकवण सांगितली जाते.

ज्यांस परक्यांचा दाखला नको असेल त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील थोर पुरुषाचा घ्यावा. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले श्री गाडगे महाराज यांनी दारूने वडिलांचा झालेला नाश लहानपणीच पाहिला होता. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशास जातीच्या चालीप्रमाणे मद्यमांसाचे जेवण न देता त्यांनी गोड जेवण घातले, आणि भाऊबंदांचा रोष सोसला. कर्ज काढून सण व जेवणावळी करू नका, हे ते जन्मभर हजारो कीर्तनांतून सांगत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक त्यांनी देह ठेविला. त्याच पेढीचे पाणी पुढे भातकुली तालुक्यात येते. माझी मूर्ती करू नका, स्मारक बांधू नका, असे ते अनुयायांस बजावीत असत. ज्या पुरुषाने धर्मशाळा, अन्नछत्रे व विद्यालये उभारली त्याने स्वतःसाठी एवढेच मागितले, ही गोष्ट तेरवीची यादी करावयास बसणाऱ्या प्रत्येकाने आठवावी.

याच महाराजांची दुसरी एक हकीकत प्रसिद्ध आहे. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांस कळली, आणि तरीही त्यांनी कीर्तन थांबविले नाही. आम्ही त्या धैर्यापुढे मस्तक नमवितो. परंतु ही हकीकत सांगून एखाद्या आईस ‘तू रडू नकोस’ म्हणणे हा शुद्ध अविचार होय. संताने स्वतःवर घातलेला निर्बंध संसारी माणसावर लादण्याचा कोणास अधिकार नाही. ज्याचे माणूस गेले त्याला रडू द्यावे, गेलेल्याविषयी बोलू द्यावे, आणि तीच गोष्ट त्याने दहादा सांगितली तरी दहादा ऐकावी. ‘झाले ते झाले, आता विसरा’ या शब्दांनी कोणाचे दुःख कमी झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. गेलेल्याचे नाव घेऊन त्याची एखादी चांगली आठवण सांगितल्याने मात्र पुष्कळांस धीर आला आहे.

खर्चाशिवाय सन्मान होत नाही अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी गुरुकुंज मोझरीस जाऊन पाहावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निवर्तले. त्यांच्या पुण्यतिथीस दरवर्षी लक्षावधी लोक तेथे जमतात, आणि सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी तो सारा जनसमुदाय जागच्या जागी स्तब्ध होऊन मौन पाळतो. त्या मौनास पैसा लागत नाही. पण जो एकदा त्यात उभा राहिला तो ते विसरत नाही. असे दोन मिनिटांचे मौन, एखादे भजन आणि गेलेल्याविषयी चार खरे शब्द कोणाच्याही अंगणात होऊ शकतात.

आता सर्वांत लाजिरवाण्या गोष्टीकडे वळू. पती गेला की बायकोचे कुंकू पुसावयाचे, बांगड्या फोडावयाच्या, मंगळसूत्र तोडावयाचे, जोडवी काढावयाची, आणि हे सर्व चारचौघांसमक्ष, तिला उभे राहण्याचेही त्राण नसता! ज्या क्षणी तिला आधार द्यावयाचा त्याच क्षणी आपण तिला अशुभ ठरवितो. महात्मा जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले तेव्हा दत्तकपुत्राच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला. त्या वेळी सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या व त्यांनी चितेस अग्नी दिला. त्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी या विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे सांगितले. जे हेरवाडास साधले ते वऱ्हाडातील गावांस का साधू नये?

ज्या घरी कर्ज व नापिकीने खचून शेतकऱ्याने स्वतःच प्राण दिला, तेथे दुःख दुहेरी असते. अमरावती विभागात अशी घरे थोडी नाहीत. तेथे सांत्वनास जाणाराच ‘असे कसे केले, कोणी काही बोलले होते काय’ असे विचारू लागतो, आणि विधवेस वाटते की आपल्यावर खटला चालला आहे. मृत्यूचे कारण शोधणे हे शेजाऱ्याचे काम नव्हे. शासकीय मदतीचे प्रकरण ‘पात्र’ ठरते की ‘अपात्र’ याचा निकाल जिल्हा समितीकडे होतो; तेवढ्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा व कर्जाचे कागद गोळा करावयास एखादा लिहिता-वाचता गृहस्थ तिच्यासोबत तहसिलीत गेला, तर ते पुण्य कोणत्याही पंगतीहून मोठे होय. आणि त्या घरातील कोणी अन्नपाणी टाकून गप्प बसू लागला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्यास एकटे सोडू नये. दवाखान्यात न्यावे, अथवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

वकिलीच्या अनुभवाने आणखी एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. रूढी १३ दिवस मोजते. कायदा निराळे दिवस मोजतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. त्यानंतर विलंबशुल्क व परवानगीचा खटाटोप मागे लागतो. शेतजमिनीवरील वारसाहक्काची वर्दी ३ महिन्यांत तलाठ्याकडे द्यावयाची असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसता पतीच्या मिळकतीत विधवेचा हिस्सा मुलामुलींच्या बरोबरीचा आहे, व तो पुनर्विवाहाच्या धाकाने कोणास दडपता येत नाही. तेरवीच्या गर्दीत हे कागद राहून जातात आणि वर्षभराने भाऊबंदकीचे दावे कोर्टात उभे राहतात. तसेच, जातीचे जेवण दिले नाही म्हणून एखाद्या घरास वाळीत टाकण्याची धमकी कोणी देत असेल, तर त्याने ध्यानात ठेवावे की, महाराष्ट्राच्या २०१६ च्या अधिनियमाने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

परंतु कायदा वाट मोकळी करून देतो. चालावे आपणच लागते. राजस्थानात मृत्युभोजनास बंदी करणारा कायदा १९६० सालीच झाला, तरी ती चाल केवळ कायद्याने गेली नाही. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येकाने धडधाकट असताच आपला शेवट कसा व्हावा हे लिहून ठेवावे. अकोल्यास शिकलेले सुधारकाग्रणी गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली वारले, तेव्हा आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून निराळे ठेविले असल्याचे आढळले, अशी आठवण सांगितली जाते. मागे राहणाऱ्यांवर आपल्या मरणाचा बोजा पडू नये, ही ती काळजी. ‘माझी तेरवी करू नका, ते पैसे मुलीच्या शिक्षणास ठेवा, माझ्या पत्नीचे कुंकू पुसू नका’ अशा तीन ओळी घरच्या कर्त्याने स्वहस्ते लिहिल्या, तर त्याच्या पश्चात मुलास लोकलज्जेशी एकट्याने झगडावे लागणार नाही. मिळकतीचे मृत्युपत्र करावयाचे तर त्यास मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार मात्र अवश्य लागतात.

आमच्या वाचकांत किराणा व कापडाचे व्यापारी पुष्कळ आहेत. तेरवीची यादी घेऊन उधारीस आलेल्या मुलास त्यांनी वडीलधारेपणाने बसवून ती यादी निम्मी करण्यास सांगावे, आणि जुने खाते पुढील हंगामापर्यंत तगादा न लावता थांबवावे. बुडीत खात्यापेक्षा लहान यादी बरी, हे व्यापाऱ्यास शिकवावयास नको. गावकऱ्यांनी तेरा दिवसांची सोबत बारा महिन्यांत वाटून घ्यावी: कोणी पेरणीच्या वेळी एक दिवस औत द्यावे, कोणी शाळा उघडताच मुलांची वह्या-पुस्तके पाहावी, कोणी पहिल्या दिवाळीस त्या घरी जाऊन बसावे, कारण पहिला सण फार जड जातो. मृतास आपण आता काही पोचवू शकत नाही. त्याच्या लेकरांस मात्र पोचवू शकतो, आणि त्यासाठी चौदाव्या दिवशी सकाळी त्या दाराशी जाऊन ‘येऊ का?’ एवढे विचारले तरी आरंभ होतो.