कॅमेऱ्याची रोजची पिशवी

महागडी वस्तू विकत घेताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु ती वस्तू ज्यात ठेवून न्यायची, त्या पिशवीचा विचार सर्वांत शेवटी आणि बहुधा घाईने केला जातो. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे विशेषकरून घडते. पिशवी फार मोठी असली तर कॅमेरा घरीच राहतो. ती अपुरी असली तर कॅमेरा बिघडतो. रोज वापरण्याजोगी लहान पिशवी निवडताना कोणत्या गोष्टींचा विचार करावा, हे या पाठात स्पष्ट केले आहे.

एका दिवसाचा हिशेब

बूढापारा ही रायपूर शहरातील जुनी वस्ती आहे. छत्तीसगढी बोलीत 'पारा' म्हणजे आळी किंवा मोहल्ला. या वस्तीलगत बूढा तलाव आहे. स्वामी विवेकानंद बालपणी, १८७७ पासून सुमारे दोन वर्षे, आपल्या कुटुंबासमवेत रायपुरात राहिले होते. त्यांच्या स्मरणार्थ या तलावाला विवेकानंद सरोवर असे नाव देण्यात आले. याच परिसरात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मराठी मातृभाषा असलेल्या सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' हा ग्रंथ हिंदीत आणला. मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषा कानी पडणारा असा हा भाग आहे.

समजा, या वस्तीतील एक तरुणी छायाचित्रे काढून घरखर्चाला हातभार लावते. सकाळी ती तलावाच्या काठावर सराव करते, दुपारी सदर बाजारातील एखाद्या दुकानासाठी दागिन्यांची छायाचित्रे काढते आणि सायंकाळी एखाद्या मराठी घरातील बारशाला जाते. तिचा कॅमेरा हप्त्यांवर घेतलेला आहे. कॅमेरा एकदा हातातून पडला, तर त्या दिवसाची मजुरी जाईलच, शिवाय दुरुस्ती होईपर्यंतची कामेही हातची जातील. हप्ते मात्र थांबणार नाहीत.

अशा व्यक्तीने आरंभी एक मोठी सॅक घेतली, असे मानू या. 'असू द्यावे, कधीतरी लागेल' या विचाराने तिने त्यात होते नव्हते ते सर्व सामान भरले. ओझे पाच किलोपर्यंत गेले. पंधरा दिवसांत खांदा दुखू लागला. मग सॅक घरी राहिली आणि कॅमेरा नेहमीच्या पर्समध्ये, किल्ल्या व नाण्यांच्या शेजारी जाऊ लागला. भिंगावर पहिला ओरखडा पडला तो असाच. दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि सॅकही वाईट नव्हती. ती तिच्या दिवसाला साजेशी नव्हती, इतकेच.

आधी सामान, मग पिशवी

म्हणून निवडीची पहिली पायरी दुकानात नसून घरातच असते. सलग आठ दिवस संध्याकाळी कागदावर लिहावे: आज काय नेले आणि त्यांपैकी काय वापरले? जी वस्तू आठ दिवसांत एकदाही हाती घेतली नाही, तिला रोजच्या पिशवीत जागा नाही. तिची गरज विशेष प्रसंगी लागेल, तेव्हा ती वेगळी नेता येते.

अशी यादी केल्यावर सामान किती थोडे असते, हे ध्यानात येते. कॅमेरा सुमारे ४५० ग्रॅम, नेहमीची लेन्स २०० ग्रॅम, दुसरी लहान लेन्स १६० ग्रॅम, जादा बॅटरी ५० ग्रॅम, आणि मेमरी कार्ड, पुसण्याचे मऊ कापड व पावसाचे आवरण मिळून ९० ग्रॅम. ही बेरीज ९५० ग्रॅम होते. पिशवीचे स्वतःचे वजन ५०० ग्रॅम धरले, तर एकूण १ किलो ४५० ग्रॅम. अर्धा लिटर पाण्याची बाटली घेतली, तरी ओझे दोन किलोंच्या आसपास राहते. पिशवी रिकामीच दीड किलोची असेल, तर हाच हिशेब एका किलोने वाढतो. म्हणून पिशवी घेताना ती रिकामी उचलून पाहावी.

सामान कॅमेऱ्यासह टेबलावर मांडून त्याची लांबी, रुंदी व उंची पट्टीने मोजावी. कॅमेरा मोजताना त्याला लेन्स लावलेली असावी. पिशवीच्या लेबलावर बाहेरची मापे असू शकतात; उपयोग आतल्या मापांचा असतो.

पिशवीचे प्रकार

लहान पिशव्यांचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिली खांद्यावरची पिशवी. तिचे झाकण वरून उघडते, त्यामुळे कॅमेरा चटकन हाती येतो. परंतु सर्व भार एकाच खांद्यावर पडतो. दुसरी पाठीवरून छातीवर फिरवता येणारी तिरकी पिशवी. दुचाकीवर ती अंगाशी घट्ट राहते आणि गर्दीत समोर घेता येते. तिसरी लहान सॅक. तिच्यात वजन दोन्ही खांद्यांवर विभागले जाते, मात्र कॅमेरा काढण्यासाठी प्रत्येक वेळी ती उतरवावी लागते.

याखेरीज एक कमी खर्चाचा मार्ग आहे. फोमचे अस्तर व कप्पे असलेला, केवळ आत ठेवण्याचा मऊ डबा बाजारात मिळतो. तो आपल्या नेहमीच्या शबनम पिशवीत किंवा सॅकमध्ये बसवता येतो. अशी पिशवी बाहेरून साधी दिसते. आत मौल्यवान वस्तू आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. प्रवासात हाही मोठा फायदा आहे.

उत्तम पिशव्या कशा घडल्या, याचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि लहान फिल्मचे, सहज नेता येणारे कॅमेरे पुढे लोकप्रिय झाले. त्या काळी कॅमेऱ्याच्याच आकाराचे चामडी आवरण पुरेसे ठरे. भारतात बनलेल्या 'अग्फा क्लिक थ्री' या साध्या कॅमेऱ्यालाही असेच आवरण मिळे. पुढे लेन्स वाढल्या आणि कडक पेट्या आल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वृत्तपत्रासाठी काम करणारे छायाचित्रकार जिम डोमकी यांनी जाड सुती कापडाची मऊ पिशवी तयार केली. दिवसभर धावपळ करताना अंगाला टोचणार नाही आणि सामान झटकन हाती येईल, अशी ती होती. इंग्लंडमधील बिलिंगहॅम या कंपनीच्या पिशव्या तर मूळच्या मासेमारीच्या होत्या. छायाचित्रकारांना त्या सोयीच्या वाटल्या, म्हणून कंपनी कॅमेऱ्याच्या पिशव्यांकडे वळली. दोन्ही उदाहरणांत कामाच्या गरजेने पिशवीचे रूप ठरवले आहे.

अस्तर, कापड आणि शिवण

पिशवीच्या तळाला व बाजूंना सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा फोम असावा. बोटाने दाबल्यावर तो दबून पुन्हा वर यायला हवा. दबलेला तसाच राहणारा फोम धक्का सोसत नाही. तळाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण पिशवी खाली ठेवताना पहिला धक्का तळालाच बसतो. आतील पडदे व्हेल्क्रोने हलवता येणारे असावेत. दोन लेन्स एकमेकींवर आपटू नयेत, हा त्यांचा उद्देश.

कापडाच्या वर्णनात 'डेनियर' हा शब्द येतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा असेल, तर धागा जाड. रोजच्या पिशवीला ६०० ते १,००० डेनियरचे नायलॉन किंवा पॉलिएस्टर पुरेसे असते. सुती कॅनव्हास हाताला सुखद, पण भिजल्यावर जड होतो.

पट्टा चार ते पाच सेंटिमीटर रुंद असावा. अरुंद पट्टा खांद्यात रुततो. पट्टा जिथे पिशवीला जोडलेला असतो, तिथली शिवण नीट तपासावी. चौकोनात फुली मारलेली दुहेरी शिवण मजबूत समजावी. कापड कितीही चांगले असले, तरी सगळा भार अखेर या चार बोटांच्या शिवणीवर असतो.

झाकण व्हेल्क्रोचे असेल, तर ते उघडताना होणारा आवाजही ऐकून घ्यावा. पूजा चालू असताना किंवा पाळण्यातील बाळ नुकतेच झोपलेले असताना तो 'चर्र' आवाज सर्वांना त्रासदायक होतो.

ऊन, पाऊस आणि दमट हवा

रायपुरात मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि जूनच्या मध्यानंतर पावसाळा सुरू होतो. त्यामुळे येथील पिशवीला दोन्ही ऋतू सोसावे लागतात. 'पाणी न लागणारे' कापड म्हणजे संपूर्ण जलाभेद्य पिशवी नव्हे. पाणी शिवणींच्या छिद्रांतून आणि चेनमधून आत शिरते. म्हणून वरून घालण्याचे आवरण जवळ असावे.

ओलावा हा कॅमेऱ्याचा छुपा शत्रू आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांहून अधिक राहिली, तर लेन्सच्या काचेवर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. पिशवीत सिलिका जेलची पुडी ठेवल्यास ती ओलावा शोषून घेते. रंग बदलणारे दाणे घेतल्यास पुडी केव्हा निरुपयोगी झाली, ते कळते. मात्र भिजलेल्या पिशवीत कॅमेरा रात्रभर बंद ठेवू नये. पिशवी कॅमेऱ्याच्या प्रवासासाठी आहे. कायमच्या साठवणुकीसाठी ती योग्य नाही.

वातानुकूलित दुकानातून पावसाळी हवेत येताच काचेवर बाष्प जमते. अशा वेळी कॅमेरा लगेच बाहेर न काढता बंद पिशवीत थोडा वेळ राहू द्यावा. बाहेरच्या हवेइतका तो हळूहळू उबदार झाला, की बाष्प धरत नाही. उन्हाळ्यात पिशवी उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये; अति उष्णतेने बॅटरीची हानी होते.

दुकानातील परीक्षा

खरेदीला जाताना स्वतःचा कॅमेरा व यादीतील सामान बरोबर न्यावे. सामान भरून पिशवी खांद्याला लावावी आणि दहा मिनिटे दुकानात फिरावे. एका हाताने चेन उघडून कॅमेरा बाहेर काढता येतो का, वाकल्यावर पिशवी पुढे घसरते का, झाकण उघडे राहिल्यास सामान सांडते का, हे पाहावे. या परीक्षेत उतरलेली साधी पिशवी, न उतरलेल्या नामांकित पिशवीपेक्षा श्रेष्ठ होय.

बूढापाऱ्यातील त्या तरुणीने अखेरीस फोमचा डबा घेऊन तो आपल्या जुन्या शबनममध्ये बसवला, तर त्यात कमीपणा काहीच नाही. सकाळी तलावावर, दुपारी बाजारात, सायंकाळी बारशाला तिचा कॅमेरा तिच्याजवळ असेल आणि रात्री तो धडधाकट घरी येईल. पिशवीने एवढे काम केले, की तिची किंमत वसूल झाली.

स्वाध्याय

१. पिशवीच्या निवडीची पहिली पायरी घरातच असते, असे पाठात का म्हटले आहे?

२. 'डेनियर' म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

३. पाठातील मोठी सॅक निरुपयोगी का ठरली? दोन कारणे द्या.

४. तुमच्या कामाची एखादी रोजची पिशवी किंवा पेटी घ्या. तिच्यातील वस्तूंची यादी करून कोणत्या वस्तू काढून टाकता येतील, ते सकारण लिहा.