एका फटक्यासाठी राखलेला गडी

श्रोतेहो, क्रिकेटमध्ये गडी दुखावला की क्षेत्ररक्षणाला बदली माणूस येतो, पण त्याच्या हाती सहसा बॅट मिळत नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मात्र खास फलंदाजीसाठीच बदली गडी आणतात. त्याला ‘पिंच हिटर’ म्हणतात. क्रिकेटच्या वर्णनात हा शब्द वरच्या क्रमांकावर धाडलेल्या फटकेबाजाला लावतात, तो अर्थ निराळा.

शाळेत राउंडर्स खेळवणाऱ्या गुरुजींना बेसबॉलची रीत ओळखीची वाटेल. नऊ गड्यांनी ठरलेल्या क्रमानेच खेळायचे. त्यात चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, फलंदाजीत बहुधा कच्चा. ऐन मोक्याला त्याची पाळी आली, की त्याला बसवून बदली फलंदाज धाडायचा. पण खरी मेख पुढेच आहे, बरं का! एकदा बाहेर काढलेला गडी त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. फटका फसला, तर पाळीही गेली आणि पिचरही गेला. शिवाय हा बदली फलंदाज दोन-अडीच तास नुसता बसलेला. अंग थंड पडलेले. सरावाला एकही चेंडू न मिळता थेट कसोटीला उभे राहायचे. सलामीला जाणाऱ्यापेक्षा हे काम मला अवघड वाटते.

१५ ऑक्टोबर १९८८ ची गोष्ट बघा. लॉस एंजेलिसला वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना होता. शेवटचा, नववा डाव. डॉजर्स संघ ओकलंडच्या मागे, ३ विरुद्ध ४. दोन गडी बाद, एक बेसवर. पाळी पिचरची. व्यवस्थापक टॉमी लसोर्डा यांनी कर्क गिब्सनला पाठवले. त्याचे दोन्ही पाय दुखावलेले. तो लंगडतच आला. समोर डेनिस एकर्स्ली, त्या काळचा नाणावलेला पिचर. आणखी एक चेंडू हुकला असता तर सामना संपला असता. गिब्सनने तो प्रेक्षकांत भिरकावला. दोन धावा झाल्या, ५–४ असा विजय मिळाला! त्या मालिकेत तो पुन्हा फलंदाजीला आला नाही; मालिका डॉजर्सनी जिंकली.

पिचरऐवजी कायमचा फलंदाज ठेवण्याची मुभा अमेरिकन लीगने १९७३ साली दिली. नॅशनल लीगनेही २०२२ पासून ती कायमची स्वीकारली. त्यामुळे बदली फलंदाजाची गरज पुष्कळ घटली. लेनी हॅरिसने बदली म्हणून येऊन २१२ यशस्वी फटके मारले आहेत. तो विक्रम आता कोणी मोडेल, असे काही दिसत नाही.